इंग्रजी वाक्याच्या गाठी सोडवू या

दहावीचा निकाल लागला की वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "सगळे विषय निघाले, इंग्रजीत गेला." पोरगा ढ नसतो. घरी विचारायला कोणी नसते, म्हणून तो सुटे सुटे शब्द पाठ करतो आणि वाक्याचा अर्थ निसटतो. आमचे म्हणणे असे की, इंग्रजी न येणारी आईसुद्धा त्याला मदत करू शकते. तिने फक्त प्रश्न विचारायचे.

फेब्रुवारी 1941 मध्ये आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. बाबासाहेब तिला आले होते. हे इंग्रजीत असे लिहिता येईल : "बाबासाहेब केम टू तडवळे इन 1941." आता विचारा. कुठे आले? 'टू तडवळे'. केव्हा? 'इन 1941'. मिळून एक अर्थ देणारा, पण कर्ता-क्रियापदाची जोडी नसलेला असा शब्दसमूह म्हणजे फ्रेज. मराठीत 'तडवळ्याला' मधला 'ला' शब्दाच्या शेवटी लागतो. इंग्रजीत 'टू' आधी येतो. टू, इन, ॲट, ऑफ दिसले की बहुधा नवा गट सुरू झाला, असे समजावे.

बाबासाहेबांचा 1923 चा ग्रंथ 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. शब्द पाच, पण मिळून एकाच गोष्टीचे नाव. ही नाउन फ्रेज. 1946 चा 'हू वेअर द शूद्राज?' मात्र फ्रेज नव्हे. त्यात 'वेअर' हे क्रियापद आहे. तो पूर्ण प्रश्न आहे.

मुले फसतात ती पुढे. ही दोन वाक्ये पाहा :

"द मीटिंग ॲट तडवळे वॉज बिग."
"बाबासाहेब स्पोक ॲट तडवळे."

'ॲट तडवळे' दोन्हीकडे तेच. पहिल्यात विचारा, कोणती सभा? तडवळ्याची. नामाची माहिती दिली, म्हणून ॲडजेक्टिव्ह फ्रेज. दुसऱ्यात विचारा, कुठे बोलले? तडवळ्यात. क्रियापदाची माहिती दिली, म्हणून ॲडव्हर्ब फ्रेज. म्हणजे फ्रेज तोंडावरून ओळखू नये, कामावरून ओळखावी.

बाबासाहेबांचे बहुतेक मोठे ग्रंथ मूळ इंग्रजीत आहेत. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून त्यांचे खंड काढले. ते आपल्या लेकरांनी मुळातून वाचावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. रविवारी विहारात वंदना झाली की फळ्यावर एक वाक्य लिहा. कोण, कोणता, कुठे, केव्हा विचारा. मुले उत्तरे देतील; आईबापांनी प्रश्न सोडू नयेत.