खाटेशेजारचा सिनेमा

1982 च्या 18 जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांची धुरांडी थंडावली आणि त्यांचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकू लागले. त्याच वर्षी 26 जुलैला बंगळुरूत ‘कुली’च्या चित्रीकरणात, पुनीत इस्सरबरोबरच्या मारामारीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार बसला. त्यांना मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणले गेले. 2 ऑगस्टला काही क्षण ते गेल्यातच जमा होते, डॉक्टरांनी ओढून परत आणले. रुग्णालयाबाहेर गर्दी, देवळांत नवस, दर्ग्यांवर चादरी. 24 सप्टेंबरला ते घरी परतले.

‘कुली’चा नायक इक्बाल हा रेल्वे स्थानकावरचा हमाल, दंडावर 786 चा बिल्ला. यंत्रमागाच्या गावात असा नायक परका वाटण्याचे कारण नव्हते. मूळ पटकथेत इक्बाल शेवटी मरणार होता. मनमोहन देसाईंनी शेवट फिरवला. 1983 मध्ये चित्रपट लागला तेव्हा इक्बाल गोळ्या झेलून रुग्णालयात पोहोचतो, सगळ्या धर्मांचे लोक त्याच्यासाठी हात जोडतात आणि तो वाचतो. ज्या ठोशाने खरी दुखापत झाली, तिथे देसाईंनी चित्र थांबवून पडद्यावर तशी पाटीच लावली. प्रेक्षकांनी वर्षभरापूर्वी स्वतः केलेली प्रार्थना तिकीट काढून पुन्हा पाहिली, असा प्रकार हिंदी सिनेमात दुसरा आठवत नाही.

सिनेमा आणि रुग्णालय यांचा विषय निघाला की सगळे या प्रसंगापाशी येऊन थांबतात. दक्षिणेकडचे लोक फार तर 12 जानेवारी 1967 ची आठवण काढतात. त्या दिवशी एम. आर. राधा यांनी एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली होती आणि गळ्याला पट्टी बांधलेल्या एमजीआरच्या छायाचित्राने पुढच्याच महिन्यातली निवडणूक गाजवली. पण या सगळ्या कथांत माया एकाच दिशेने वाहते. चाहता नटाला ओळखतो, नट चाहत्याला ओळखत नाही. त्या नटाच्या नादाने एकत्र आलेल्या चार पोरांपैकी एखादा आजारी पडला, तर उरलेले तिघे काय करतात? याचा मागोवा कोणी फारसा घेतलेला नाही आणि तो घ्यायचा तर ब्रीच कँडीहून भिवंडी अधिक सोयीची.

कारण भिवंडीत आजारी माणसाजवळ बसायला घरचे कोणी नसते. माग चालवणारा कामगार बहुधा उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातून आलेला, बायकामुले गावाकडे. बारा-बारा तासांची पाळी, जेवण बिसीत म्हणजे कामगारांच्या खानावळीत, झोपायला एकाच खोलीत पाळीपाळीने जागा. मागाच्या खोलीतला आवाज 90 डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कामावर बोलणे हातवाऱ्यांचे आणि ओठांचे. कापसाची तूस छातीत जाते. कारखाने कागदोपत्री लहान लहान तुकड्यांत वाटलेले, त्यामुळे 1948 च्या कायद्याने आलेला कामगार विमा बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. दुखणे वाढले की इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, तिथे भागले नाही तर ठाणे किंवा कळवा आणि त्याही पुढे गेले तर परळ. या प्रवासात केसपेपर हातात धरून रांगेत उभा राहतो तो खोलीवरचा सोबती. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, कारण मजुरी कापडाच्या मीटरवर.

आणि हा सोबती जोडला जातो कशाने? गावकीने, जातीने, मशिदी-देवळाने, हे खरेच. पण सिनेमाने जोडलेली दोस्ती यातल्या कशातच बसत नाही आणि सगळ्यांना छेद देते. नोव्हेंबर 1982 च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हीसीआर पसरला आणि यंत्रमागाच्या गावांत व्हिडिओ पार्लर उघडली. अंधाऱ्या खोलीत दूरचित्रवाणीसमोर पाळी सुटलेले लोक दाटीवाटीने बसत. आठवडाभर हातवाऱ्यांनी बोलणाऱ्यांना तिथून बाहेर पडल्यावर मोठ्याने बोलायला एक विषय मिळत असे. नायक बरा की खलनायक, मारामारी खरी की खोटी. वाद घालण्यासाठी शिक्षण लागत नाही, पैसेही लागत नाहीत, शिवाय हरणाऱ्याचे काही जात नाही.

रुग्णालयात या वादांना निराळीच किंमत येते. आजाऱ्याशी काय बोलायचे हा प्रश्न मोठमोठ्या शहाण्यांना सुटलेला नाही. ‘बरे वाटेल हं’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी शिळे होते. जो माणूस काल-परवापर्यंत धर्मेंद्र श्रेष्ठ म्हणून भांडत होता, त्याच्याशी आजही तसेच भांडले की त्याला निदान एका बाबतीत आपण पेशंट नसल्याची खात्री पटते.

पण नुसत्या गप्पांनी भागत नाही, बाटल्याही लागतात. 1982 मध्ये अमिताभ बच्चन यांना सुमारे 200 दात्यांचे 60 बाटल्या रक्त दिले गेले. त्यांतल्याच एका बाटलीतून हिपॅटायटिस बी शरीरात गेला आणि यकृताचा 75 टक्के भाग निकामी झाला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांची पद्धत बंद करण्याचा आदेश दिला आणि 1998 पासून ती थांबली. निर्णय योग्यच होता. मात्र त्यानंतर शस्त्रक्रिया ठरली की ‘डोनर आणा’ हे वाक्य नातेवाइकांच्या कानांवर पडू लागले. ज्याचे नातेवाईक हजार मैलांवर आहेत, त्याने डोनर आणायचे कुठून? तिथे पुन्हा दोस्तच.

याच 1998 च्या 2 ऑक्टोबरला हैदराबादेत तेलुगू नट चिरंजीवी यांनी आपल्या नावाची रक्तपेढी सुरू केली आणि चाहत्यांच्या संघटनांना रक्तदानाच्या कामाला लावले. नटाच्या पुतळ्याला दुधाचा अभिषेक घालणारे हात त्यांनी सुईपुढे करायला लावले, ही चाहतेपणाच्या इतिहासातली अक्कलहुशारीची गोष्ट म्हणायला हवी. भिवंडीत पद्मशाली समाजाची तेलुगू वस्ती मोठी आहे, चिरंजीवी हे तिथे ओळख करून देण्याचे नाव नव्हे. मराठी किंवा हिंदी नटांच्या चाहत्यांना असे कायमचे काम कोणी लावून दिले नाही.

भिवंडीहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिक ओलांडून पुढे गेले की मालेगाव येते. धंदा तोच, माणसेही बरीचशी तशीच. तिथे सिनेमावेड्या दोस्तांची गोष्ट खरोखर नोंदली गेली, तीही कॅमेऱ्यात.

व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास दोस्तांना गोळा करून ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. नट म्हणजे माग चालवणारे, दुकानदार, किरकोळ धंदा करणारे. कॅमेरा सरकवायचा तर सायकल, उंच न्यायचा तर बैलगाडी. लिहायला फरोग जाफरी, खलनायक अक्रम खान. नंतरच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’साठी नायक निवडला शफीक शेख, मागावर काम करणारा, अंगाने काटकुळा. या सुपरमॅनला हिरव्या कापडापुढे आडवा धरून उडवायचे होते. फैजा अहमद खान यांनी हे सगळे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपले आहे. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडतो, तो दुरुस्त होईपर्यंत काम बंद. मग शफीकचे लग्न निघते, पुन्हा काम बंद. हसता हसता पाहणाऱ्याच्या लक्षात येते, की या लोकांना सिनेमा पुरा होण्याची घाई नाही. तो चालू असेपर्यंत ते एकत्र आहेत.

मालेगावच्या सुपरमॅनला दम्याचा त्रास आहे, कारण गावची हवा तशी आहे. तो लढतो गावातल्या घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी.

शफीकला तोंडाचा कर्करोग झाला. 2011 मध्ये तो गेला, विशीतच. त्याच्या अखेरच्या दिवसांत दोस्तांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’चा खेळ मालेगावात लावला, त्याने स्वतःला उडताना पडद्यावर पाहावे म्हणून. औषधाने जे साधणार नव्हते ते सिनेमाने साधेल अशी कोणाची समजूत नव्हती. त्यांना जे येत होते ते त्यांनी केले.

पुढच्या वर्षीच्या तारखा ओळीने वाचल्या की संताप येतो. 29 जून 2012 ला माहितीपट देशातल्या चित्रपटगृहांत लागला आणि शहरी समीक्षकांनी शफीकवर भरभरून लिहिले. 2 जुलै 2012 ला महाराष्ट्र सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, जिच्यात कर्करोगाच्या उपचारांचा समावेश होता. त्याच जुलैत राज्यात गुटखाबंदी आली. तीन गोष्टी एका महिन्याच्या आत आणि तिन्ही शफीकच्या पश्चात. जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात तर आठच जिल्हे होते. त्यांत नाशिक नव्हते, म्हणून मालेगाव नव्हते. ठाणे नव्हते, म्हणून भिवंडीही नव्हती. योजना सगळ्या राज्यात पोहोचायला 2013 चा नोव्हेंबर उजाडला आणि ती रेशनकार्डाला बांधलेली असल्यामुळे, ज्याचे कार्ड आझमगडच्या घरी आहे तो भिवंडीचा कामगार त्यानंतरही बाहेरच राहिला. गुटखा, बंदी असूनही, कोपऱ्यावरच्या टपरीवर मागणाऱ्याला मिळतो, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ पार्लरची उरलीसुरली गरज संपली. सिनेमा प्रत्येकाच्या खिशात गेला, गप्पाही तिकडेच गेल्या. गावी परतलेला सोबती, सुरतेला गेलेला दुसरा आणि भिवंडीत मागावर असलेला तिसरा आता फोनवरून वाद घालू लागले. खाटेवरच्या माणसाला लिहिणे जमत नसेल तर आवाज पाठवता येतो, आवाज नसेल तर अंगठा. दूरदेशी अशाच गप्पांतून काय घडू शकते याचे एक उदाहरण 2015 चे आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या कर्करोगाने खंगलेल्या एका तरुणाला ‘स्टार वॉर्स’चा नवा चित्रपट पाहायचा होता. तो डिसेंबरात लागणार होता आणि याच्याकडे तेवढे दिवस नव्हते. चाहत्यांनी इंटरनेटवर मोहीम उघडली, मार्क हॅमिलसारखे त्या चित्रपटातले नट तिच्यात उतरले आणि निर्मात्यांनी अपुरा चित्रपट त्याच्या घरी नेऊन दाखवला. काही दिवसांत तो गेला. मालेगावच्या दोस्तांनी हेच चार वर्षे आधी केले होते, फरक इतकाच की चित्रपटही त्यांचाच होता.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदीने माग थांबले, चित्रपटगृहे बंद झाली आणि हजारो कामगार भिवंडीतून मिळेल त्या वाहनाने, काही तर पायी, महामार्गाने निघाले. 29 एप्रिलला इरफान खान गेले, 30 ला ऋषी कपूर, दोघेही कर्करोगाने. टाळेबंदीत अडकलेल्यांच्या फोनवर त्या दोन दिवसांत दुसरे काही नव्हते. पावसाळ्यात भिवंडीतल्या शांतीनगरच्या मक्का मशिदीत करोनाच्या रुग्णांसाठी मोफत प्राणवायूची सोय उभी राहिली. तेव्हा आजाऱ्याजवळ बसायलाच मनाई होती, म्हणून खाटेशेजारचा माणूस फोनमध्ये शिरला. 11 जुलैला अमिताभ बच्चन पुन्हा रुग्णालयात दाखल झाले, या वेळी नानावटीत, करोनामुळे. बाहेर गर्दी करायला कोणाला परवानगी नव्हती. ते घरी परतले ती तारीख 2 ऑगस्ट. ज्यांनी 1982 पाहिले होते, त्यांना ही तारीख कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

28 फेब्रुवारी 2025 ला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. लेखन वरुण ग्रोवर यांचे, आदर्श गौरव नासिरच्या, विनीत कुमार सिंह फरोगच्या आणि शशांक अरोरा शफीकच्या भूमिकेत. चित्रपट चांगला आहे, शशांक अरोरांचे काम तर फारच. पण त्यात क्रम उलटला आहे. आधी शफीकचे दुखणे कळते, मग फुटलेले दोस्त त्याच्यासाठी एकत्र येऊन सुपरमॅन काढतात. प्रत्यक्षात चित्रीकरण कधीच आटोपले होते, दुखणे नंतर आले. कथेसाठी हा बदल समजण्यासारखा आहे, तरी त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट निसटते. शफीकला नायक केले तेव्हा तो मरणार आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. कीव म्हणून त्याला ती भूमिका मिळाली नव्हती. तो दोस्त होता आणि त्या पोशाखात तो मजेशीर दिसत होता, एवढे कारण पुरे झाले होते.

म्हणून ज्यांनी दोन्ही पाहिलेले नाहीत त्यांनी आधी फैजा अहमद खान यांचा माहितीपट पाहावा, मग कागतींचा चित्रपट. आणि शक्यतो एकट्याने पाहू नये.