तेलाची राखण आणि तख्ताची राखण

मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो. सौदी अरेबियात तेलावर हल्ला झाल्याची बातमी आली की इथल्या टेम्पोवाल्याला पहिली धास्ती डिझेलची. धास्ती खरी आहे, पण तिच्याबरोबर काही चुकीच्या समजुतीही पक्क्या होतात.

दहशतवाद्यांचा डोळा पहिल्यापासून तेलावरच होता, ही त्यांतली एक. १९९६ साली ओसामा बिन लादेनने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, तेव्हा तेल मात्र जपा असं त्याने बजावलं होतं. उद्या आपलं राज्य आलं की हीच दौलत कामी येईल, हा त्याचा हिशेब. डिसेंबर २००४ मध्ये त्याने पवित्रा बदलला आणि तेलावर घाव घालायला सांगितलं.

धोका विहिरींना असतो, हीसुद्धा अशीच समजूत. विहिरी वाळवंटात विखुरलेल्या आहेत. एक पेटली तर बाकीच्या चालूच राहतात. नाजूक जागा आहे सौदीतला अबकैकचा कारखाना. विहिरीतून येणाऱ्या कच्च्या तेलात विरघळलेला वायू आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड असतो. तो काढल्याशिवाय तेल जहाजात भरता येत नाही, आणि देशातल्या तेलाचा मोठा हिस्सा या एकाच कारखान्यातून जातो. २४ फेब्रुवारी २००६ रोजी अल कायदाने स्फोटकांनी भरलेल्या गाड्या तिथे घातल्या. पहारेकऱ्यांनी त्या अडवल्या, त्यात दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. १४ सप्टेंबर २०१९ रोजी हल्ला आकाशातून आला. अबकैक आणि खुरैसच्या तेलक्षेत्रावर ड्रोन व क्षेपणास्त्रं आदळली, आणि दिवसाला ५७ लाख बॅरल, म्हणजे देशाचं जवळपास निम्मं उत्पादन बंद पडलं. येमेनच्या हूथी बंडखोरांनी जबाबदारी घेतली. सौदी आणि अमेरिकेने इराणकडे बोट दाखवलं, इराणने ते नाकारलं. तेलाचे भाव उसळले, पण साठ्यातलं तेल बाहेर काढल्यामुळे काही आठवड्यांत पुन्हा खाली आले. भारताला मात्र असा आधार तोकडा आहे. आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन आहे. ती भरलेली असली तरी देशाची गरज साधारण साडेनऊ दिवसच भागते.

या हल्ल्यांत गोरे लोक मरतात, असं आपल्याला वाटतं. मे २००४ मध्ये सौदीच्या खोबर शहरात दहशतवाद्यांनी तेल कंपन्यांच्या कचेऱ्यांवर हल्ला केला आणि निवासी वसाहत ताब्यात घेतली, तेव्हा २२ जण मारले गेले. त्यांत ८ भारतीय होते, पोटासाठी गेलेले. हा आकडा आपल्याकडे कोणी आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात खोल रुतलेला गैरसमज राजकारणाचा आहे: सौदीच्या राजाला आव्हान फक्त बंदूकवाल्यांनी दिलं, आणि बाकी प्रजा तेलाच्या पैशात खूश. पण तिथले मजूरही लढले होते; त्यावरून आपल्या तलासरी भागातल्या झरी गावाची आठवण येते. २३ मे १९४५ रोजी झरीत सुमारे ५,००० वारली आदिवासी जमले आणि म्हणाले, रोज १२ आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवणार नाही. त्यांच्या लढ्यामागे किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. त्याच ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी जमलेल्या वारल्यांवर गोळीबार केला, ५ जण मेले. मजुरी मागणारा माणूस सरकारदरबारी दंगेखोर ठरला होता.

आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९५३ मध्ये, सौदीच्या धहरानला आरामको या तेल कंपनीचे सुमारे १३,००० कामगार संपावर गेले. त्यांनाही चांगली मजुरी, राहायला धड जागा आणि आपली संघटना हवी होती. सरकारने सैन्य पाठवलं. १९५६ मध्ये पुन्हा असंतोष उफाळला, तेव्हा राजे सौद यांनी फर्मान काढून संपावरच बंदी घातली. तेल ज्या पूर्व प्रांतात आहे, तिथे शिया लोकवस्ती मोठी; कामगाराची तक्रार आणि पंथाची तक्रार तिथे एकमेकींत मिसळली. १९७९ च्या नोव्हेंबरात कतीफमध्ये शियांनी उठाव केला. त्याच महिन्यात मक्केच्या मशिदीवर सुन्नी बंडखोरांनी कब्जा केला होता. ही दोन बंडं एकाच तराजूत तोलता येत नाहीत: एका बाजूला निदर्शनं करणारे नागरिक होते, दुसरीकडे शस्त्रं घेऊन यात्रेकरूंना ओलीस धरणारे. राज्याने मात्र पुढे दोघांनाही एकाच शब्दाखाली आणलं. मार्च २०१४ च्या सौदी गृहमंत्रालयाच्या नियमांत धरणं-निदर्शनांची चिथावणी आणि नास्तिक विचार, दोन्ही दहशतवादात धरले होते.

कामगार संघटना आणि संप यांना तिथे आजही मनाई आहे. आणि त्या देशात राबणाऱ्यांत आपल्या कोकणातली माणसंही आहेत.