डिंभ्याच्या पाण्यावर कोरियन छप्पर चालेल का?

मंडळी, आज सुरुवात सेऊलची आहे, पण घाबरू नका, दोन मिनिटांत आंबेगावात येतो.

सेऊलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात तळ्यामध्ये एक मंडप उभा आहे, ग्योंगहोएरू. खाली ४८ दगडी खांब, वर लाकडी मजला आणि त्यावर कडा उचललेलं भलंमोठं कौलारू छप्पर. फोटो बघितला की वाटतं, लाँचची वाट बघायला असंच काहीतरी आपल्या धरणात तरंगत ठेवावं. मी कागदावर तेच मांडून बघतोय.

पहिला प्रश्न पाण्याचा. घोड नदीवरचं डिंभे काय किंवा जुन्नरमधलं कुकडीवरचं माणिकडोह काय, पावसाळ्याअखेर भरतं, मग कालव्यांतून पाणी खाली जातं. मे महिन्यात पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. म्हणजे पक्का धक्का बांधला तर उन्हाळ्यात तो कोरड्यावर. आणि ज्याच्या डोक्यावर बाजाराचं ओझं आहे किंवा सोबत आजारी माणूस आहे, त्याने चिखलातून उतरायचं.

कोचीच्या वॉटर मेट्रोचे धक्के तरंगते आहेत, म्हणून धक्का आणि बोट एका पातळीत राहतात. पण तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर. आपल्याकडे पाणी खाली तर जातंच, शिवाय लांबही सरकतं. त्यामुळे आपला धक्का नुसता वरखाली होऊन भागणार नाही, पाण्यामागे पुढे ओढता आला पाहिजे. नांगर सोडायचे, सरकवायचा, पुन्हा टाकायचे.

वजनाचं गणित सोपं आहे. १० बाय ६ मीटरचा तराफा धरा, ६० चौरस मीटर. तो एक सेंटिमीटर बुडाला की ६०० किलो पेलतो. साठ किलोची वीस माणसं चढली तर फक्त दोन सेंटिमीटर! खरी भीती बुडण्याची नाही, कलण्याची. बोट आली की सगळे एकाच कडेला धावतात ना, तेव्हाची.

इथेच कोरियन छप्पर आडवं येतं. तिथलं लाकडी घर जमिनीवर भक्कम उभं राहतं, त्यात कौलांच्या वजनाचाही वाटा असतो. ते वजन सांगाडा खाली दाबून धरतं. पाण्यावर उलटं. वजन वर गेलं की तराफा डुलतो. उचललेल्या कडांत सह्याद्रीचा पावसाळी वारा शिरला तर विचारूच नका. म्हणून छप्पर हलकं, उतरतं, आपल्या घरांसारखी खाली ओढलेली वळचण. दिसायला कमी देखणं, चालेल.

मग कोरियाकडून घ्यायचं काय? माझ्या मते ग्रेंगी. तिथले सुतार पायाचा ओबडधोबड दगड घडवत नाहीत. खांबाचं बूड त्या दगडाच्या उंचसखलपणाप्रमाणे कोरतात. आपला काठावरचा पूल तसाच हवा: एक टोक तराफ्याला बिजागरीने, दुसरं रुंद चाकांवर, जिथे जसा उतार असेल तिथे टेकणारं. उतार मात्र इतकाच, की म्हातारं माणूस काठी टेकत चढेल.

तो उतार कुठल्या महिन्यात कुठे सापडतो, हे नकाशात नसतं. ते लाँच चालवणाऱ्यालाच विचारावं लागेल.