खचलेलें हृदय आणि परक्याचें दान

हृदयविकाराची कळ थांबली म्हणजे धोका टळला, अशी समजूत सुशिक्षित घरांतही आढळते. परंतु कित्येकदां खरें संकट त्यानंतर उभें राहतें. हृदयाचा मोठा भाग निकामी झाला कीं रक्त पुढें लोटण्याचें त्याचें सामर्थ्य खचतें. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रोगी असंबद्ध बोलूं लागतो. यासच डॉक्टर 'हृदयजन्य शॉक' म्हणतात. झटका आलेल्या शंभरांपैकीं पांच ते दहा जणांस तो होतो, आणि उत्तम इस्पितळांतही त्यांतील जवळजवळ निम्मे दगावतात.

मग हृदयच बदलतां येणार नाहीं काय? डिसेंबर १९६७ मध्यें केपटाउन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं तें बदललें. रोगी १८ दिवस जगला. फेब्रुवारी १९६८ मध्यें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तोच प्रयत्न केला. रोगी कांहीं तासांतच गेला. मेंदूचा मृत्यु हाच मृत्यु मानणारा कायदा १९९४ सालीं झाला, व त्याच वर्षीं दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांस यश आलें. ऑगस्ट २०१५ मध्यें पुण्यांतील दात्याचें हृदय मुंबईस नेऊन बसविण्यांत आलें. काढलेलें हृदय सुमारें चार तासांच्या आंत बसवावें लागतें.

तथापि शॉकमध्यें हा पहिला उपाय नव्हे. प्रथम तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी करावयाची. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत, हें तांतडीनें केलेल्यांपैकीं सहा महिन्यांत शंभरीं ५०, तर प्रथम औषधांवर ठेवलेल्यांपैकीं ६३ मृत्यु पावले. त्यानंतरही हृदय सांवरलें नाहीं, तर यंत्राच्या आधारानें रोग्यास तगवितात. मूत्रपिंडें, फुप्फुसें व मेंदू शाबूत असतील, तरच प्रत्यारोपणाचा विचार होतो. प्रत्यारोपण झालेल्या शंभरांतील ८५ हून अधिक रोगी वर्षभर जगतात खरे. पण ते निवडून घेतलेले रोगी होत. जे त्या यादीपर्यंत पोंचलेच नाहींत, त्यांची गणती त्यांत नाहीं.

फलटणाहून पुणें सुमारें ११० किलोमीटर. म्हणून 'सकाळपर्यंत पाहूं' हा वडीलधाऱ्यांचा सल्ला येथें महाग पडतो. कळ येतांच १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी व जवळच्या इस्पितळांत हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. प्रत्येक नवें हृदय दुसऱ्या एखाद्या शोकाकुल घराच्या संमतीनें मिळतें. ती संमति त्या घडीला मागितली जाते, तेव्हां कोणाचेंच चित्त ठिकाणावर नसतें. सबब घरांतील सर्वांनीं आपली इच्छा आधींच परस्परांस सांगून ठेवावी, हें बरें.