घोळणा फुटला? मान खाली!

इ.स. 453. अर्ध्या युरोपला धडकी भरवणारा हूणांचा राजा अटिला लग्नाच्या रात्रीच मेला, तोही नाकातून रक्त येऊन. सहाव्या शतकातला इतिहासकार जॉर्डेनीस सांगतो की, भरपूर प्यायलेला अटिला उताणा झोपला होता. नाकातलं रक्त बाहेर न येता घशात उतरलं आणि तो गुदमरला. आणि आजही शाळेच्या मैदानावर एखाद्या पोराचा घोळणा फुटला की चारी बाजूंनी एकच ओरडा होतो: ‘मान वर कर, मान वर!’

मान वर केल्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते गिळलं जातं, पोटाला सोसत नाही, मळमळतं आणि थोड्या वेळाने काळपट उलटी होते. घरचे नाकापेक्षा त्या उलटीनेच जास्त हादरतात.

रक्त येतं कुठून? दहापैकी नऊ वेळा एकाच ठिकाणाहून. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, करंगळी सहज पोहोचेल तिथेच, चार-पाच धमन्यांच्या बारीक शाखा एकमेकींत गुंतलेल्या असतात. अमेरिकन सर्जन जेम्स लिटल यांनी 1879 मध्ये या जागेचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर तिला ‘लिटल्स एरिया’ म्हणतात. पाच वर्षांनी जर्मनीतल्या किसेलबाख यांनीही तीच जागा दाखवली. तिथल्या जाळ्याला त्यांचं नाव मिळालं.

आत येणारी हवा गरम आणि ओलसर करून फुप्फुसांकडे पाठवणं हे नाकाचं काम. त्यासाठी रक्तपुरवठा भरपूर लागतो आणि वरचं आवरण पातळ. विदर्भातला मे महिना असो की रात्रभर चालणारा एसी, हवा कोरडी झाली की हे आवरण सुकतं, खपली धरते, ती खाजते आणि बोट नाकात जातं. लहान मुलांमध्ये सगळ्यात नेहमीचं कारण हेच. सर्दी, ॲलर्जीच्या शिंका, चेंडूचा मार ही बाकीची कारणं. नाकातल्या स्प्रेनेही हा पडदा दुखावतो, म्हणून स्प्रेचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने धरावं.

आता उपाय. खाली बसवा, मान किंचित पुढे झुकवा. अंगठा आणि तर्जनीने नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा, वरचं हाड नव्हे. हाड दाबून काहीच होत नाही. श्वास तोंडाने. तोंडात आलेलं रक्त थुंकायचं, गिळायचं नाही. आणि घड्याळ लावून सलग 10 ते 15 मिनिटं दाबून धरायचं. सगळं बिघडतं ते इथेच: दर मिनिटाला ‘थांबलं का बघू’ म्हणत आपण बोटं काढतो आणि धरू लागलेली गुठळी निघून जाते. मुलाचं नाक मोठ्यांनीच धरावं.

कांदा हुंगवणं, टाळूवर पाणी ओतणं, नाकात दूर्वांचा रस पिळणं हे सगळं मायेपोटीच होतं, मान्य. पण रक्त थांबवतो तो दाब. टाळूवरच्या पाण्याने निदान नुकसान तरी नाही. नाकात मात्र काहीही घालू नका.

थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, गरमागरम चहाही जरा निववून प्यायचा.

अर्ध्या तासात थांबलं नाही, डोक्याला मार लागलाय, चक्कर येतेय किंवा दोन वर्षांखालचं बाळ आहे, तर थेट दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी तर वाटच बघू नये. पण ती गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. वयस्कर माणसांमध्ये रक्त कधीकधी नाकाच्या मागच्या भागातून येतं. ते चिमटीत सापडत नाही आणि बरंचसं घशात उतरतं. डेंग्यूच्या तापात नाकातून रक्त आलं, तर ते उन्हाळ्यावर ढकलू नका.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून रक्ताळलेला, घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत मणी, वाटाणा किंवा खोडरबराचा तुकडा असू शकतो. चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत सरकतो. खेळण्यातला चपटा बटण-सेल गेला असेल, तर रात्र असली तरी लगेच निघा. तो काही तासांतच नाकाचा पडदा जाळतो.