धावदोरा, नानकटाई आणि मेंदू

जुन्या सुती लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक अंथरायचे, सुरकुत्या हाताने काढून टाकायच्या, थर सरकू नयेत म्हणून लांब टाके घालून ठेवायचे आणि मग कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत गोधडी अशीच तयार झाली. कुठे तिला वाकळ म्हणतात, तर तान्ह्या बाळासाठी केलेले तिचे लहान रूप म्हणजे दुपटे. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप आणि साखर डब्यात भरून गल्लीतल्या बेकरीत जायचे आणि भट्टीतून नानकटाईचे पत्र्याचे ट्रे भरून आणायचे, हेही अनेकांना आठवत असेल. या दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या. त्यांना कुणी छंद म्हणत नव्हते.

आता चित्र बदलले आहे. पांघरूण दुकानात मिळते, बिस्किटे कोपऱ्यावर मिळतात. तरीही निवृत्तीनंतर शिलाई मशीनवरची धूळ झटकणारे, तुकडे जोडून गोधडी शिकणारे, छोट्या ओव्हनमध्ये पाव आणि केक भाजून पाहणारे लोक वाढले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर घरोघरी केक झाले. गरज संपल्यावरही माणसे हे का करतात आणि त्याने प्रकृतीला खरेच काही फायदा होतो का, याचा अभ्यास गेल्या काही वर्षांत बराच झाला आहे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये ७० ते ८९ वयोगटातल्या १,३२१ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन, खेळ, संगणकाचा वापर आणि विणकाम, गोधडीकाम यांसारख्या हस्तकला करणाऱ्यांमध्ये सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये त्याहून मोठा अभ्यास आला. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३,२६३ लोकांची माहिती त्यात एकत्र केली होती. ज्यांना एखादा छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी होती. आनंद आणि आयुष्याबद्दलचे समाधान अधिक होते.

हे आकडे वाचून लगेच सुई-दोरा हाती घेण्याआधी एक शंका विचारायला हवी. छंदामुळे स्मरणशक्ती टिकली, की ज्यांची स्मरणशक्ती शाबूत होती तेच छंद चालू ठेवू शकले? विस्मरण सुरू झालेली व्यक्ती बऱ्याचदा आधी विणकाम सोडते, मग निदान होते. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही.

ही शंका दूर करण्याचा एक चांगला प्रयत्न टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रात डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० ते ९० वयाच्या २२१ जणांचे गट पाडले. काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल छायाचित्रण, तर काहींना दोन्ही शिकवले. हे शिकणे तीन महिने, आठवड्याला सरासरी सुमारे साडेसोळा तास चालले. तुलनेसाठी ठेवलेल्या एका गटाने तेवढाच वेळ गप्पा, सहली आणि मनोरंजनात घालवला, तर दुसऱ्याने घरी बसून संगीत ऐकणे, सोपी शब्दकोडी सोडवणे अशी सवयीची कामे केली. शेवटी प्रसंग आणि तपशील लक्षात ठेवण्याची क्षमता नवे कौशल्य शिकणाऱ्यांत अधिक सुधारलेली दिसली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा फरक जास्त ठळक होता. म्हणजे सुईत काही जादू नव्हती. अवघड, नवे काहीतरी नेटाने शिकण्यात फायदा होता.

तोच टाका आणि नवा टाका

इथे छंदाचे दोन वेगळे उपयोग दिसू लागतात. पहिला उपयोग मन निवण्याचा. धावदोऱ्यात सुई वर-खाली जाते, हाताला लय सापडते आणि विचारांचा गुंता सैल होतो. २०१३ मध्ये ३,५४५ विणकाम करणाऱ्यांची ऑनलाइन पाहणी झाली. त्यात जे जास्त वेळा विणत, त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटे चित्र, माती, चिकटकाम असे काहीही करायला दिले. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक नंतर कमी झाले. आधी कलेचा सराव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. हा प्रयोग लहान होता, पण 'आपल्याला जमणार नाही' म्हणणाऱ्यांना तो दिलासा देतो.

दुसरा उपयोग मेंदूला कामाला लावण्याचा. वीस वर्षे तीच नानकटाई करणाऱ्या हाताला मेंदूची फारशी मदत लागत नाही. चौकोनी तुकड्यांऐवजी त्रिकोण जोडायचे ठरवले की मापे, शिवणीसाठी सोडायची जागा, रंगांची मांडणी असा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी माणूस कामात पूर्ण बुडून जातो त्या अवस्थेचा आयुष्यभर अभ्यास केला. काम फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. कौशल्याच्या जरा पुढे असलेले काम माणसाला गुंतवून ठेवते, असे त्यांनी मांडले. म्हणून दमलेल्या दिवशी ओळखीचा टाका आणि ताज्या मनाने नवा, अशी विभागणी करता येते.

हातांचेही या सगळ्यात महत्त्व आहे. कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या अवयवांचा नकाशा मांडला, तेव्हा हाताच्या वाट्याला आकाराच्या मानाने फार मोठी जागा आलेली दिसली. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील शल्यक्रियेचे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी एक चिंता बोलून दाखवली होती. पडद्यावर बोट फिरवत वाढलेल्या विद्यार्थ्यांना कापणे, शिवणे यांसारखी हाताची कामे पूर्वीसारखी येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शिवणकामाचा तास शाळेतून गेला, त्याची किंमत अशीही मोजावी लागते.

ट्रेमधले रसायनशास्त्र

भाजी करताना मीठ अंदाजाने पडते, फोडणी डोळ्यांनी कळते. भट्टीतल्या पदार्थाला अंदाज फारसा चालत नाही. म्हणूनच अनेकांना ते मोजून-मापून करण्यात गंमत वाटते. मैद्यात पाणी घालून मळले की ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या प्रथिनांपासून ग्लुटेनचे लवचीक जाळे बनते. पावाला ते हवे असते, कारण यीस्टने तयार केलेला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो आणि पाव फुगतो. नानकटाईला मात्र ते नको असते. म्हणून तिच्यात पाणी नसते, तूप भरपूर असते आणि पीठ मळण्याऐवजी हलक्या हाताने एकत्र केले जाते. तूप-साखर फेसताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, त्याने खुसखुशीतपणा येतो. बिनअंड्याच्या केकमध्ये दही आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की आम्ल आणि अल्कली यांच्या क्रियेतून वायू सुटतो. ही क्रिया ताबडतोब सुरू होते, म्हणून मिश्रण तासभर ठेवले तर केक बसतो. पृष्ठभागावरचा तांबूस रंग आणि खमंग वास साखर व अमिनो आम्लांच्या क्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले.

छंद मनाला चांगला असला तरी त्यातून तयार होणारा पदार्थ पोटात जातो, हे विसरून चालत नाही. २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम तूप आणि १०० ग्रॅम साखर घेऊन २० नानकटाया केल्या, तर एकीत सुमारे १०० कॅलरी आणि ५ ग्रॅम साखर येते. चहाबरोबर चार सहज संपतात. म्हणजे जवळपास चार पोळ्यांइतक्या कॅलरी आणि २० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा मिळावी. ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अधिक चांगले. २,००० कॅलरींच्या आहारात हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. नाचणी किंवा ज्वारीचे पीठ घेतल्याने तंतू वाढतात, पण तूप आणि साखर तेवढेच राहिले तर मधुमेहींसाठी तो पदार्थ मोकळीक देत नाही. निम्मे प्रमाण करणे, साखर थोडी थोडी कमी करत जाणे आणि डबा शेजारी-पाजारी वाटून टाकणे हे उपाय साधे आहेत. वाटण्याने माणसे जोडली जातात, हा वरचा लाभ.

मान, डोळे आणि अंगठा

शिवणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मान खाली घालून तासन् तास बसल्याने मान आणि खांदे आखडतात. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना सुई लांब धरावी लागते. अशा वेळी जवळचा चष्मा टाळून डोळे ताणण्यात अर्थ नाही. दिवा डावखुऱ्यांनी उजव्या आणि उजव्या हाताने शिवणाऱ्यांनी डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून खिडकीबाहेर दूर पाहावे. जाड थरांतून सुई ढकलताना बोटात अंगुस्तान घालावे. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखू लागले, बोटांना रात्री मुंग्या येऊ लागल्या, तर 'सवयीने जाईल' म्हणत शिवत राहू नये. विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

छंद म्हणजे औषधोपचार नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, आवडत्या कामातही मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर 'काहीतरी विणकाम कर, बरं वाटेल' हा सल्ला पुरेसा नाही. अशा वेळी तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.

छंद कुणाचा, काम कुणाचे?

एक प्रश्न मात्र प्रयोगशाळेबाहेरचा आहे. शिवण आणि भाजणे हे आपल्याकडे बायकांच्या कामातच धरले गेले. लग्नातल्या रुखवतावर मुलीच्या हातचे भरतकाम, विणकाम मांडले जाई. ते तिच्या आवडीचे असेच असे नाही. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. पाच तासांच्या घरकामावर 'छंद' म्हणून आणखी एक काम चढले, तर ताण कमी होण्याचे कारण नाही. सकाळी डब्यासाठी केलेला केक आणि रविवारी दुपारी स्वतःला हवा म्हणून केलेला केक, यांची कृती एकच असली तरी मनावरचा परिणाम वेगळा असतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते काम आपण निवडलेले असणे, ते जमत असल्याची जाणीव असणे आणि त्यातून माणसांशी नाते जुळणे, या तीन गोष्टी मनःस्वास्थ्याला लागतात. पहिली नसेल तर छंद उरत नाही.

दुसरा दबाव कौतुकाच्या वेषात येतो. 'इतकं छान करतेस, विकत का नाहीस?' हा प्रश्न प्रत्येक गोधडीला आणि प्रत्येक केकला विचारला जातो. ज्यांना कमाई हवी आहे त्यांनी जरूर विकावे. पण १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग इथे आठवावा. चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असे आधी सांगितलेल्या मुलांनी पुढे मोकळ्या वेळेत चित्रे कमी काढली. मोबदला आला की आवड कधी कधी मागे सरते. ऑर्डर, मुदत आणि गिऱ्हाइकाची नाराजी सांभाळताना हाताची लय जाते.

व्यवसायात शिंपी आणि बेकरीवाले बहुतेक पुरुषच असतात, तरी घरात मात्र निवृत्त पुरुषाने मशीनवर बसणे अजून हसण्यावारी नेले जाते. छंदाचा फायदा मेंदू स्त्रीचा की पुरुषाचा हे पाहून मिळत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मोठी गोधडी धरू नये, दुपटे धरावे: दोन मऊ सुती कापडे, मध्ये जुन्या धोतराचा थर आणि कडेने सरळ धावदोरा. रोज अर्धा तास दिला तरी ते काही आठवड्यांत पुरे होते. पहिले टाके वाकडेतिकडे येतील. ते उसवू नयेत, त्यांनीही कापड धरून ठेवता येते.