बारा सेकंद आणि दोन फासे

बुद्धिबळाची घडीची लाकडी पेटी उलगडली की आतल्या बाजूला लांबट, टोकदार त्रिकोणांच्या दोन रांगा दिसतात. आपल्याकडे बहुतेक घरांत त्या बाजूचा उपयोग हत्ती-उंट भरून ठेवण्यापुरताच झाला. तो बॅकगॅमनचा पट. त्रिकोण 24, प्रत्येकाच्या सोंगट्या 15, फासे दोन. सोंगट्या फिरवत आपल्या घरात आणायच्या आणि मग एकेक पटाबाहेर काढायची. वाटेत एकटी सापडलेली सोंगटी मारली गेली की ती मधल्या पट्टीवर, म्हणजे ‘बार’वर बसते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं. ज्यानं सारीपाट खेळला आहे त्याला यापुढे फार समजावून सांगावं लागत नाही.

या खेळाच्या पूर्वजाला इराणात नर्द म्हणत. मध्ययुगीन पहलवी भाषेतल्या एका छोट्या ग्रंथात त्याच्या जन्माची कथा आहे. हिंदुस्थानच्या राजानं खुस्रो अनुशिरवानच्या दरबारात बुद्धिबळ पाठवलं आणि हे कोडं सोडवून दाखवा असं आव्हान दिलं. वजीर बुजुर्गमिहर यानं ते सोडवलं आणि उलट नर्द रचून हिंदुस्थानात पाठवला. त्याचे तीस मोहरे म्हणजे महिन्याचे तीस दिवस आणि तीस रात्री, असा अर्थही त्यानं लावून दिला. इतिहास म्हणून ही कथा कुणी मानत नाही. पण ज्या खेळाचा पट असा काळाच्या हिशेबावर बेतल्याचं सांगितलं जातं, त्याच्या स्पर्धांत घड्याळ शिरायला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली, याची मला गंमत वाटते.

फाशांच्या खेळाला घड्याळ हवंच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. दान पडलं, सोंगटी हलवली, संपलं. कॉफीहाउसमध्ये तो अजून तसाच खेळतात, खटाखट. स्पर्धेतला बॅकगॅमन वेगळा झाला तो डबलिंग क्यूबमुळे. 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये कुणीतरी ही युक्ती काढली. तिच्या जनकाचं नाव टिकलेलं नाही. 2, 4, 8, 16, 32, 64 असे आकडे कोरलेला हा मोठा घन. आपलं पारडं जड वाटलं की फासे टाकण्याआधी तो समोरच्यापुढे सरकवायचा. त्यानं नकार दिला तर डाव तिथेच संपतो आणि त्याचा एक गुण जातो. स्वीकारला तर डाव दुप्पट बोलीचा होतो आणि क्यूबचा ताबा त्याच्याकडे जातो.

इथे माणूस विचारात पडतो. समजा, अशा शंभर डावांत नकारच देत गेलो, तर शंभर गुण गेले. स्वीकारून 25 जिंकले आणि 75 हरले, तर 50 मिळाले, 150 गेले; पुन्हा शंभराचाच तोटा. म्हणजे चारात एकदा जिंकण्याची आशा असेल तर स्वीकारायला हरकत नाही. हा झाला बाळबोध हिशेब. सामना 11 गुणांचा असेल आणि धावफलक 8-5 असा असेल, तर तोच हिशेब बदलतो. शिवाय कोण किती पुढे आहे हे पाहायला दोन्हीकडची घरं मोजावी लागतात. सुरुवातीला प्रत्येकाला एकूण 167 घरं चालायची असतात. मध्यावर ही बेरीज मनातल्या मनात करायला सरावलेल्या माणसालाही वेळ लागतो.

1960च्या दशकात प्रिन्स अलेक्सिस ओबोलेन्स्की या रशियन वंशाच्या उमरावानं बहामा आणि लास वेगासमध्ये मोठ्या स्पर्धा भरवल्या आणि खेळाला झगमगाट आला. गणिताचे प्राध्यापक राहिलेले पॉल मॅग्रील यांचं जाडजूड पुस्तक 1976मध्ये आलं आणि अभ्यासू खेळाडूंची पिढी तयार झाली. जुलै 1979मध्ये मॉन्टे कार्लोत तेव्हाचा जगज्जेता लुइजी व्हिला याला हान्स बर्लिनर यांच्या ‘बीकेजी 9.8’ या संगणक-प्रोग्रॅमनं 7-1 असं हरवलं. बर्लिनर यांनीच नंतर प्रांजळपणे लिहिलं की व्हिला जास्त चांगला खेळला, दानं मात्र यंत्राला पडली. 1990च्या दशकात आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांच्या ‘टीडी-गॅमन’नं स्वतःशीच खेळत शिकून तज्ज्ञांच्या जुन्या समजुती उलथवल्या. त्यानंतर प्रत्येक चालीची चूक दशांशात मोजता येऊ लागली आणि खेळाडू जास्त विचार करू लागले. पूर्वी ‘वाटलं म्हणून’ केलेली चाल आता पाच पर्याय तपासून होते. सामने लांबले, पुढच्या फेऱ्या खोळंबल्या आणि मुद्दाम रेंगाळून समोरच्याचा तोल घालवणाऱ्यांचंही फावलं.

बुद्धिबळाचं घड्याळ उचलून इथे ठेवावं, तर तसं सरळ बसत नव्हतं. बुद्धिबळात अमुक चालींना अमुक वेळ असं बांधता येतं. बॅकगॅमनमध्ये डाव किती चालींचा होईल हे फासे ठरवतात. एकाच गुणाचा डाव दहा चालींत संपेल, नाहीतर एकमेकांच्या सोंगट्या मारत तासभर चालेल. त्यातही फासे पेल्यात घालणं, खुळखुळवणं, टाकणं, सोंगट्या हलवणं यात काही सेकंद जातातच; तो काही विचाराचा वेळ नव्हे. काट्याच्या जुन्या घड्याळावर हे सेकंदही कापले गेले असते आणि नशिबानं लांबलेल्या डावाचा दंड निष्पाप खेळाडूला बसला असता.

तोडगा डिजिटल घड्याळानं दिला. बॉबी फिशरनं 1988मध्ये पेटंटसाठी मांडलेल्या घड्याळात प्रत्येक चालीगणिक वेळ वाढत असे. बॅकगॅमननं त्याची चुलत बहीण उचलली, ती म्हणजे ‘डिले’. आपली पाळी आली की आधी बारा सेकंद फुकट. तेवढ्यात चाल झाली तर शिलकीला हात लागत नाही. जास्त वेळ लागला तरच शिलकी वेळ कमी होऊ लागतो, आणि न वापरलेले सेकंद पुढे साठत नाहीत. शिलकीचं रुळलेलं प्रमाण सामन्याच्या दर गुणामागे दोन मिनिटं. 11 गुणांच्या सामन्याला प्रत्येकी 22 मिनिटं. ती संपली की सामना हरला. बॅकगॅमनमध्ये बरोबरी नावाची गोष्टच नाही, त्यामुळे मधला मार्गही नाही.

घड्याळ आणलं ते रेंगाळणाऱ्यांसाठी, पण त्यानं त्याहून जुनं एक भांडण मिटवलं असं माझं मत आहे: पाळी संपते कधी? घड्याळाशिवाय खेळताना आपण फासे उचलले की पाळी संपली. आता हात फाशांकडे गेला, एक फासा बोटांत आला, तेवढ्यात मन बदललं; समोरच्यानं मात्र उतावीळपणे आपलं दान टाकलं. मग? काही ठिकाणी ते दान रद्द करून पुन्हा टाकायला लावत. अमेरिकेतल्या नियमावलीनं मोठा खमका उपाय काढला: घाईचं दान कायम. आणि ज्याची चाल अर्धी राहिली आहे, त्यानं ते दान पाहूनच ती पूर्ण करावी! समोरच्याला पाच-तीन पडलेत हे कळल्यावर पाच-तीननं मारली जाईल अशी सोंगटी कोण उघडी टाकेल? असा फटका बसल्यावर उतावळेपणाला आपोआप लगाम बसतो. घड्याळ आल्यावर प्रश्न सोपा झाला. कळ दाबली, पाळी संपली. त्याआधी टाकलेलं दान घाईचं.

फाशांबद्दलचे वाद आपल्याला नवे नाहीत. शकुनीची गोष्ट ऐकतच आपण वाढलो. स्पर्धेत म्हणूनच फासे हातानं टाकत नाहीत, पेल्यात हलवून टाकतात. दोन्ही फासे आपल्या उजव्या हाताच्या अर्ध्या पटावर सपाट पडले पाहिजेत. एखादा सोंगटीला टेकून कलला तर दोन्ही पुन्हा टाकायचे. डाव सुरू होण्याआधी दोघांकडचे मिळून चारही फासे एकत्र करून पुन्हा वाटून घेण्याची मागणी करता येते आणि त्यात कुणी अपमान मानत नाही. खरी खडाजंगी होते ती ‘कलला होता की नव्हता’ यावर. त्यासाठी पहिला धडा एकच: कशालाही हात लावू नका, घड्याळ थांबवा, संचालकाला बोलवा. एकदा का कुणी रागानं फासा उचलला की पुरावाच गेला.

नीतीचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र घड्याळाचा नाही आणि फाशांचाही नाही. समोरच्यानं चुकून नियमबाह्य चाल केली. पाच-तीन पडलेलं असताना पाच-चार चालला, आणि त्या चुकीत त्याचंच नुकसान आहे. तुम्ही सांगणार का? जुन्या नियमानुसार प्रतिस्पर्ध्याला निवड होती: दुरुस्ती मागा, नाहीतर आपलं दान टाकून चूक पचू द्या. त्यामुळे पट्टीचे खेळाडू शांतपणे पाहत, चूक आपल्या पथ्यावर पडते का ते तोलत आणि मगच तोंड उघडत. बाजू मांडणारे म्हणत, नीट खेळणं ही ज्याची त्याची जबाबदारी. मला ते कधीच पटलं नाही. दानाप्रमाणे चालायचं एवढा एकच करार या खेळाच्या मुळाशी आहे. तो मोडलेला दिसत असताना नफा-तोटा मोजत बसणं म्हणजे दुकानदारानं जास्त दिलेली मोड खिशात घालणं. अमेरिकेत आणि इतर अनेक ठिकाणी आता नियम बदललाय. बेकायदा चाल दिसली की ती दुरुस्त करवून घेणं दोघांवरही बंधनकारक आहे. प्रेक्षकांच्या तोंडाला मात्र कुलूपच. कडेला उभ्या राहिलेल्या जाणकाराच्या भुवया उंचावल्या तरी खेळाडू तक्रार करू शकतो.

घड्याळानं हाच पेच नव्या कपड्यांत आणला. समोरच्यानं चाल केली, पण कळ दाबायला विसरला. त्याची पाळी अजून संपलेलीच नाही. तुम्ही दान टाकलं तर ते घाईचं ठरतं, गप्प बसलात तर त्याचे बारा सेकंद संपून शिल्लक गळू लागते. आपलं घड्याळ आपण सांभाळायचं, हा बुद्धिबळातला संकेत इथेही चालतो आणि गप्प बसलेल्याला दोष देता येत नाही. तरीही चांगल्या स्पर्धांत बोटानं घड्याळाकडे खुणावणारे खेळाडू भेटतात. मला ते जास्त आवडतात. चाल तर झालेलीच आहे. सांगितल्यानं त्याला कुठलीही माहिती मिळत नाही.

याहून चमत्कारिक प्रसंग बारवर अडकलेल्या सोंगटीचा. समोरच्यानं आपली सहाही घरं बंद केली की तुम्हाला आत यायला वाट नाही. फासे टाकायचीही गरज नाही. मग त्याच्या लागोपाठच्या पाळ्या चालू राहतात. पण त्याचे बारा सेकंद नव्यानं सुरू व्हायचे तर मध्ये तुम्ही कळ दाबली पाहिजे. तुमच्याकडे करण्यासारखं एवढंच काम आणि तेही त्याच्या भल्यासाठी. इथे हात मुद्दाम जड करणारा माणूस खेळ म्हणून काहीच खेळत नसतो. बारा सेकंदांपुढे तुम्ही जितके रेंगाळाल तितका तुमचाच वेळ कमी होतो, एवढीच त्याला आळा घालणारी गोष्ट. पण शिलकीत पंधरा मिनिटं असलेल्याला ती जाणवत नाही.

आणि शेवटी ज्याच्या शेवटच्या दोन सोंगट्या बाहेर काढायच्या राहिल्यात, समोरचा कुठल्याही दानानं जिंकू शकत नाही, त्याचं घड्याळ शून्यावर आलं तर? नियमाप्रमाणे तो हरला. बुद्धिबळात समोरच्याकडे मात करण्याइतकं सैन्यच नसेल तर वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो. इथे तशी पळवाट नाही. काही संचालक अशा वेळी सौम्य नियम असावा असं म्हणतात. मी नियमाच्या बाजूनं आहे. ती 22 मिनिटं त्यानं स्वतः खर्चली, बहुधा आठव्या गुणाच्या वेळी एक क्यूब घ्यावा की नाही याचा विचार करत. फक्त तो वेळ संपवणारा माझा प्रतिस्पर्धी असेल, तर मी हात पुढे करण्याआधी त्याची शेवटची दोन सोंगट्यांची दानं टाकून होऊ देईन आणि मग गुणपत्रिकेवर त्याचंच नाव लिहीन. नियमानं मिळालेला विजय सोडून देण्याचा हक्क मात्र कुठल्याही संचालकानं अजून काढून घेतलेला नाही.